घरातला ताण आणि गाळ्यावरचा निर्णय

प्रश्न : वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. किती माल उचलायचा आणि कोणाला उधारीवर द्यायचा, हे आलेल्या गाड्या पाहून भल्या पहाटे मला एकट्याला ठरवावे लागते. घरात मुलाच्या प्रवेशाची काळजी असली की त्या दिवशी मी हात आखडता घेतो आणि भाव चढल्यावर हळहळतो. ‘धंद्यात भावना आणू नये’ हे वडिलांचे सांगणे खरे मानावे, की भावनिक बुद्धिमत्तेने, म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून, समजून त्या हाताळण्याच्या क्षमतेने, निर्णय सुधारतात असे जे म्हणतात ते?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वडिलांचा हेतू रास्त आहे, परंतु भावना मुळातूनच वगळल्या तर निर्णय सुधारण्याऐवजी बिघडतो, असे दिसते. आयोवा विद्यापीठातील आंत्वान बेशारा, अँटोनिओ दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये पत्त्यांच्या चार गठ्ठ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गठ्ठ्यांत बक्षीस मोठे, पण अधूनमधून बसणारा दंड त्याहून मोठा होता; उरलेल्या दोहोंत बक्षीस लहान असले तरी अखेरीस हाती फायदाच उरत असे. निरोगी माणसे ठेचा खात खात फायद्याच्या गठ्ठ्यांकडे वळली. कपाळामागील मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेले रुग्ण मात्र, बुद्धी शाबूत असूनही, तोट्याची पाने उचलत राहिले. पुढील चाचण्यांत असे आढळले की तोट्याच्या गठ्ठ्याकडे हात नेण्यापूर्वी निरोगी माणसांच्या हाताला सूक्ष्म घाम येई, या रुग्णांना तो येत नसे. त्या घामाचा नेमका अर्थ काय, यावर संशोधकांत वाद आहे. तरीही एखाद्या गिऱ्हाइकाला उधारी देताना तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर ती भावना झटकून टाकण्याआधी त्याच्या खात्याचे पान जरूर उघडावे.

तुमची अडचण वेगळी आहे, कारण तुमची धास्ती सौद्यातून उपजलेली नसून घरून सोबत आलेली आहे. जेरेमी यिप आणि स्तेफान कोते यांचा 2013 मधील अभ्यास नेमका याच गोष्टीचा आहे. भाषण तयार करायला सांगून त्यांनी काही जणांना ताण दिला आणि मग भाषणाशी काहीही संबंध नसलेली जोखीम घ्यायची की नाही, हे त्यांना ठरवायला लावले. भावना ओळखून त्यांची कारणे समजण्याची क्षमता ज्यांच्यात कमी होती, त्यांनी ताणापोटी जोखीम टाळली. ज्यांच्यात ती अधिक होती, त्यांच्या निवडीवर ताणाचा तसा परिणाम झाला नाही. विशेष म्हणजे, ‘हा ताण भाषणाचा आहे’ एवढे सांगितल्यावर पहिल्या गटावरील परिणामही ओसरला.

म्हणून गोणीत हात घालून कांदा दाबून पाहताना स्वतःला विचारावे : ही भीती मालाची आहे की घराची? डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा व्यापाऱ्यांना वाटलेली भीती सौद्याचीच होती आणि तिचे ऐकणे शहाणपणाचे होते. मुलाच्या प्रवेशाच्या काळजीला मात्र त्या दिवशीच्या आवकेतले काहीच ठाऊक नसते. रागाची गोष्ट आणखी निराळी. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी 2001 मध्ये दाखवले की भ्यालेला माणूस धोका फुगवून पाहतो, तर चिडलेल्याला तो लहान वाटतो. तेव्हा घरी भांडण होईल त्या पहाटे हात आखडण्यापेक्षा सैल सुटण्याची शक्यताच जास्त धरावी.

प्रश्न : आमच्या कंपनीने प्रश्नावली भरून घेऊन मला भावनिक बुद्धिमत्तेत उत्तम गुण दिले. त्यावरून माझे निर्णयही उत्तम मानता येतील का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : मानता येणार नाहीत. ‘मी शांत राहतो’, ‘मला इतरांचे मन कळते’ अशा विधानांपुढे आपणच खूण करायची असेल, तर मोजली जाते ती आपली स्वतःविषयीची समजूत. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली ती एक क्षमता म्हणून, आणि क्षमता तपासायची तर चेहरे आणि प्रसंग समोर ठेवून उत्तरे घ्यावी लागतात. या दोन प्रकारच्या चाचण्यांचे गुण एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. शिवाय डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या क्षमतेचा कामगिरीशी संबंध प्रामुख्याने ग्राहकसेवेसारख्या, भावना आवरून करावयाच्या कामांत दिसला. तुमचे काम दिवसभर आकडेमोडीचे असेल, तर बढतीच्या वेळी या गुणांवर फार भिस्त ठेवू नये.