जुन्या नाणेविक्रेत्याशी संबंधित वस्तू जमवायच्या, तर आधी नाणी घ्यावीत की कागद?

तुम्ही विचारलंय की कोपरीचं घर आवरताना काकांच्या ट्रंकेत टेक्ससच्या बी. मॅक्स मेल या जुन्या नाणेविक्रेत्याचा 'स्टार रेअर कॉइन एन्सायक्लोपीडिया', म्हणजे नाण्यांच्या भावांचं पुस्तक, सापडला, त्याची किंमत काय येईल, आणि या माणसाच्या वस्तू नि त्याच्या हातून गेलेली नाणी ठाण्यात बसून जमवता येतील का.

किंमत फारशी नाही. हे पुस्तक अमेरिकेत इतकं खपलंय की साधी प्रत आजही दहा-वीस डॉलरला मिळते. आपल्याकडे यायला टपालखर्चच त्याहून जास्त पडतो. पण जमवायला हा माणूस झकास आहे. मी नौपाड्यात राहून त्याचेच कागद गोळा करतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे हे गृहीत धरा.

मेल 1903 मध्ये, पोरवयातच, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेप्रेमींच्या संस्थेचा सभासद झाला. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या बड्या व्यापाऱ्यांपासून लांब, फोर्ट वर्थमध्ये बसून त्याने सगळा धंदा टपालावर चालवला. 1913 चं 'लिबर्टी हेड' निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, आणून द्या नि 50 डॉलर घेऊन जा, ही त्याची गाजलेली जाहिरात. गंमत अशी की या नाण्याचे नमुने जगात फक्त पाच, आणि ते चलनात कधी आलेच नव्हते. हे मेलला पक्कं ठाऊक होतं. पण अर्धी अमेरिका चिल्लर चाळायला बसली, आणि नेमकं काय शोधायचं ते कळावं म्हणून लोकांनी एक डॉलर मोजून त्याचं पुस्तक मागवलं. 'जुनी पाचची नोट द्या, लाखो घ्या' म्हणणारे आजचे भामटे आठवले ना? त्यांच्यापायी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं. फरक इतकाच की मेलच्या पुस्तकात बाकीच्या नाण्यांचे भाव खरे असत, आणि त्या भावाने तो नाणी खरोखर घ्यायचा. बेरकी होता, लबाड नव्हता, असं माझं मत.

आता मुख्य मुद्दा. आधी कागदच घ्या.

नाण्यावर विक्रेत्याचं नाव नसतं. 'हे मेलच्या लिलावातलं' असं सांगून कोणी दीडपट भाव लावला तर पुरावा मागा. पुरावा म्हणजे त्याचं बिल, त्याच्या दुकानाची छोटी नाणेपाकिटं, किंवा लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो, ज्यात नाण्यावरचा ओरखडा नि कडेचा खड्डा जुळला पाहिजे. इथे एक अडचण आहे. मेलचे लिलाव टपालाने बोली मागवून होत आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये वर्णनं लांबलचक, फोटो मोजके. म्हणजे सामान्य नाण्याचा माग बहुतेक वेळा लागतच नाही. मोठ्या नाण्यांचा लागतो, पण ती आपल्या आवाक्यात कुठली! 1933 चं वीस डॉलरचं सोन्याचं 'डबल ईगल' 1944 मध्ये इजिप्तच्या फारूक राजाला मेलनेच विकलं. तेच नाणं 2021 मध्ये सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला गेलं.

म्हणून बिल किंवा पाकीट सोबत नसेल तर नाणं नाण्याच्याच भावाने घ्यायचं, मेलच्या नावाचा एक रुपयाही द्यायचा नाही. कॅटलॉग पाहायला विकत घ्यावे लागत नाहीत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल'वर स्कॅन फुकट वाचता येतात. आधी तिथे महिनाभर रमा. मग काय हवं ते आपोआप कळेल: 1908 ते 1919 दरम्यान निघालेलं त्याचं मासिक 'मेल्स न्यूमिस्मॅटिक मंथली', विक्रीभावांच्या याद्या, मासिकांतल्या पानभर जाहिराती, त्याच्या सहीची पत्रं. सहीच्या पत्रांना किंमत आहे, बाकीचं खिशाला झेपतं.

माझ्याकडच्या सगळ्यात स्वस्त प्रतीचं मुखपृष्ठ गेलेलं आहे. पण निकेलच्या पानावर कुणीतरी शिसपेन्सिलने एकेका सालापुढे बरोबरच्या खुणा केल्यात, आणि 1913 पुढे नुसतं प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं. कोरी करकरीत प्रत कुणी बदल्यात दिली तरी मी देणार नाही.

ठाण्याच्या पावसाळ्याचं मात्र बघा. तो कागद हलका, आधीच पिवळा पडलेला. त्याला कसर लागते नि पानं कडेने तुटायला लागतात. लोखंडी कपाटात, भिंतीला टेकू न देता, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या बदलत राहा. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून जात नाही. नाणी पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवली तर हिरवट चिकट थर चढतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या, आणि चिंच-लिंबू लावून घासायचं तर मनातही आणू नका.

आणि ती ट्रंक रद्दीवाल्याला द्यायच्या आधी तळापर्यंत उपसा. पुस्तक टपालाने आलं असेल तर फोर्ट वर्थचा शिक्का नि काकांचं नाव असलेला लिफाफाही कुठेतरी असेल. तो सापडला तर पुस्तक तुमच्याकडेच ठेवा, लिफाफ्याचा भाव मला सांगा.