मूल वाचनात मागे आहे, हे पालकांना सांगायचे कसे आणि त्यांच्या हातात पुढे काय आहे

मॅडम, तुमचा प्रश्न मला असा समजला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापक म्हणून नव्याने रुजू झालात. पाचवीच्या मुलांना एकेक करून वाचायला लावले, तर निम्म्याहून अधिक जणांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येईना. त्याच मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ब-1, ब-2 अशा श्रेणी आहेत. पालकांना हे कळले पाहिजे असे तुम्हाला वाटते. सहकारी म्हणतात, सांगाल तर लोक दाखले मागतील, पट उतरेल आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, एक पद जाईल.

माझे मत स्पष्ट आहे: सांगा, आणि दिवाळीच्या आत सांगा. सहकाऱ्यांची भीती खोटी नाही. पटावरून पद जाते हे मी केंद्रप्रमुख असताना अनेक शाळांत पाहिले आहे. पण पट टिकवण्यासाठी मुलाची स्थिती झाकली, तर त्याची किंमत ते मूल मोजते, आणि ती मोजायला त्याने होकार दिलेला नसतो.

शिवाय सांगायचे की नाही, हा पर्याय कायद्याने शिक्षकाला दिलेलाच नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचे कलम 24 शिक्षकांच्या सभेत एकदा मोठ्याने वाचा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे, आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती सांगणे, ही दोन्ही कामे तिथे शिक्षकाची कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. ‘पालकांना कळवणे म्हणजे शाळेची बदनामी’ असे कोणी म्हणाले, तर हे कलम पुढे ठेवा.

आता प्रगतिपुस्तकाबद्दल. पालक त्यावर विश्वास ठेवतात, त्यामुळे गोंधळ तिथूनच सुरू होतो. ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के. हे वाचून आईला वाटते, पोरगं बरं चाललंय. पण पहिली-दुसरीत 100 पैकी 70 गुण आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे असतात. त्यात तोंडी काम, कृती, उपक्रम असे बरेच काही येते. ते चांगलेच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त त्या बेरजेत ‘वाचता येत नाही’ ही एक गोष्ट दिसेनाशी होते. वर्णनात्मक नोंदीही बहुतेक वेळा साच्यातल्या असतात: ‘वाचनात प्रगती आहे’, ‘सरावाची गरज आहे’. यातून पालकाला काहीच हाती लागत नाही.

म्हणून सांगताना श्रेणी आणि टक्के बाजूला ठेवा, मुलाला काय येते ते दाखवा. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली वाचनाची पट्टी तुम्हाला ठाऊक असेलच. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. ही पाहणी 2005 पासून घराघरांत जाऊन होते आणि तिची साधने इतकी सोपी आहेत की शाळेत न गेलेल्या आजीलाही समोर काय चालले आहे ते कळते. पाच-सात मिनिटांत एक मूल होते. आई किंवा वडील शेजारी बसलेले असताना मुलाला वाचू द्या. ते जिथपर्यंत सहज वाचते तिथे थांबा आणि आधी ते सांगा: ‘याला शब्द येतात, उताऱ्यात अडखळतो. आपल्याला याला गोष्टीपर्यंत न्यायचे आहे.’ अडखळणाऱ्या मुलाला पुढचे वाचायला लावून त्याची फजिती होऊ देऊ नका. मूल उठून बाहेर गेल्यावर पुढचे बोला.

हे बोलणे एकेका घराशीच व्हावे. पालकसभेत नावे घेऊन कोण कुठे आहे हे वाचून दाखवणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. त्या संध्याकाळी घरी त्या मुलाचे काय होते, याचा विचार करा. मार खाल्लेले मूल दुसऱ्या दिवशी वाचायला शिकत नाही. त्यामुळे पालकाला एक गोष्ट आवर्जून सांगा: यात मुलाचा गुन्हा नाही, त्याला यावरून रागवायचे नाही. वडील एकटे आले असतील तर आईलाही बोलवा. मजुरीवर जाणाऱ्यांना अकरा वाजता बोलावले, तर त्यांचा रोज बुडतो. त्यांच्यासाठी संध्याकाळी सातला वस्तीवर जा, तिथे बोलणे शाळेपेक्षा मोकळेपणाने होते.

सभा घ्यायची ती शाळेचे चित्र सांगण्यासाठी. तिथे नाव कोणाचेही नको, आकडे मात्र खरे हवेत: पाचवीत इतकी मुले, त्यांतली इतकी गोष्ट वाचतात, इतकी उतारा, इतकी शब्द. मग कारणे, आणि त्यांत शाळेकडची कारणे आधी. एखादे पद रिक्त होते का, एका शिक्षकाकडे दोन वर्ग होते का, हे सांगा. पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवे, असे कायद्याचे परिशिष्ट म्हणते. गेल्या वर्षी खरे किती झाले, ते हजेरीवरून काढून मांडा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावता येत नाहीत. तशी लावली गेली असतील तर तेही गावाला कळू द्या. ‘घरी लक्ष देत नाहीत’ हे वाक्य त्या सभेत कोणाही शिक्षकाच्या तोंडून येऊ देऊ नका. ते आले की पालक ऐकायचे थांबतात.

दिवाळीच्या आत असे मी म्हणालो, त्याला दोन कारणे आहेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गावात असतील, तर दिवाळीच्या सुमारास ती निघतात आणि मग पालक थेट उन्हाळ्यातच भेटतो. दुसरे कारण पाचवीचे. मुलाला त्याच वर्गात न ठेवण्याचे कलम 16 केंद्राने 2019 मध्ये बदलले आणि आपल्याकडे 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. आज वाचन झाकले, तर पालकाला ते थेट निकालाच्या दिवशी कळेल. तेव्हा तो तुम्हाला विचारेल, वर्षभर बोलला का नाहीत? त्याला द्यायला तुमच्याकडे उत्तर नसेल.

आता पर्याय. सगळे पर्याय सांगा, तुम्हाला न आवडणारेही.

पहिला पर्याय शाळेतच राहून भरून काढण्याचा. बहुतेक मुलांसाठी तोच खरा उपयोगाचा आहे. रोज तास-दीड तास तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेप्रमाणे न बसवता स्तराप्रमाणे बसवा. अक्षरवाली एका खोलीत, शब्दवाली दुसरीत, उताऱ्यापाशी अडलेली तिसरीत. प्रत्येक गटाला त्याच्या पातळीचे साहित्य द्या आणि दर काही आठवड्यांनी तपासून मुले पुढच्या गटात हलवा. ‘प्रथम’ने ही पद्धत कित्येक वर्षे अनेक राज्यांत राबवली आहे आणि तिचा परिणाम स्वतंत्र अभ्यासांतही दिसला आहे. केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान 2021 पासून तिसरीपर्यंतच्या वाचन-गणनाचाच आग्रह धरते आहे, त्यामुळे वरून अडवणूक होण्याचे कारण नाही. पालकाला मात्र ‘आम्ही जादा तास घेऊ’ एवढे सांगून भागणार नाही. कोणत्या वेळी, कोण घेणार, पुन्हा कधी तपासणार आणि त्या दिवशी तुम्ही यायचे आहे, हे एका कागदावर लिहून द्या. वाचता न येणाऱ्या पालकाला तो कागद वाचून दाखवा.

तपासताना एखादे मूल बाकी सगळ्यात चलाख आणि वाचनात मात्र अडलेले दिसले, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांना ते मूल वेगळे दाखवा. विशिष्ट अध्ययन अक्षमता (जसे डिस्लेक्सिया) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे. पण ती आहे की नाही हे तज्ज्ञांनी ठरवायचे, आपण पालकाला तसे सांगून मोकळे व्हायचे नाही.

दुसरा पर्याय शाळा व्यवस्थापन समितीचा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करणे हे समितीचे कायदेशीर काम आहे. बहुतेक आराखड्यांत भिंत, रंग, पाण्याची टाकी येते. वाचनाची ओळ कुठेच नसते. ती घालायला पालकांना सांगा.

तिसरा पर्याय तक्रारीचा. हा शाळेने स्वतःहून सांगावा असे मी म्हणतो, तेव्हा पुष्कळांना आवडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. रिक्त पदासाठी तुम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेली पत्रे फाइलमध्येच राहत असतील, तर त्याच पदासाठी पालकांनी केलेली तक्रार तुमच्याच कामी येईल.

चौथा, शाळा बदलण्याचा. दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क कलम 5 देते. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. इथे दोन गैरसमज काढून टाका. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गासाठी असतो, पाचवीच्या मुलाला तो मिळत नाही. आणि इंग्रजी माध्यमात घातले की वाचन आपोआप येईल, हे खरे नाही. जे मूल घरच्या भाषेत उतारा वाचू शकत नाही, त्याच्यावर परक्या भाषेचे ओझे वाढते. हे शांतपणे सांगा, पण निर्णय त्यांच्यावर सोडा.

खासगी शिकवणीबद्दल एवढेच की शाळेतल्या शिक्षकाने पैसे घेऊन शिकवणी घेण्याला कलम 28 ने बंदी आहे. ‘माझ्याकडे पाठवा’ असे कोणी सुचवत असेल तर ते तिथेच थांबवा.

ऊसतोडीच्या घरांना हंगामी वसतिगृहाची (मूल गावातच राहावे म्हणून) आणि शिक्षण हमी कार्डाची (मूल सोबत गेले तर तिथल्या शाळेत शिकता यावे म्हणून) माहिती याच भेटीत द्या, निघायच्या आदल्या दिवशी नको.

आणि एवढे करूनही कोणी दाखला मागितला, तर त्याच दिवशी द्या. मूल आज कोणत्या स्तरावर आहे, काय सुरू होते, कशाने त्याला फायदा होत होता, याची अर्ध्या पानाची चिठ्ठी नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांच्या नावाने सोबत लिहा आणि एक प्रत पालकाला द्या.