सही करता येते आहे तोवर

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

आईच्या स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यापासून तू सांभाळकेंद्रांचे मासिक दर गोळा करतो आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. ती चौकशी हवीच. पण बँकेत उभे आयुष्य काढलेल्या मला दुसरीच काळजी वाटते. पैसे आईच्या नावावर आहेत आणि ती समजून-उमजून सही कधीपर्यंत करू शकेल, हे कोणी सांगू शकत नाही.

मुखत्यारपत्र पुरेसे आहे, असे तू लिहितोस. माझ्या वडिलांच्या आजारपणात माझाही तोच समज होता. परंतु 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद जपून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. वडिलांच्या ठेवी शाबूत असताना त्यांची देखभाल करणाऱ्या आयांच्या पगारासाठी मी कर्ज काढले होते, आणि तेही बँकेत नोकरीला असताना!

म्हणून आईच्या संमतीने तिची खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी संयुक्त करून घे. मात्र अशी मुदत ठेवसुद्धा मुदतीआधी मोडायची झाल्यास दोघांच्याही सह्या मागितल्या जाऊ शकतात, तेव्हा एकच मोठी ठेव न ठेवता दर तीन-चार महिन्यांनी एक पिकेल अशा बेताने तिचे भाग पाड. घराच्या बक्षीसपत्राची घाई करू नकोस.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नकोस. सत्तरीपुढील नागरिकांसाठी आयुष्मान भारतचे 5 लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी. भरवणे, अंघोळ, रात्रीची राखण यांचा खर्च त्यात बसत नाही. केंद्राशी करार करताना, आई अंथरुणाला खिळल्यावर दर किती होईल आणि अनामत कोणत्या अटींवर परत मिळेल, हे लेखी घे.

आईला सकाळी जास्त उमजते, असे तू लिहिले आहेस. तेव्हा येत्या आठवड्यातली एखादी बरी सकाळ धरून, ती व्यवहार समजू शकते अशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बँकेत जा, आणि बहिणीलाही सोबत ने.