ध्यासाला पगार मागण्याआधी

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. जुनी यांत्रिक घड्याळे उघडून, साफ करून पुन्हा चालती करण्याचा तुम्हाला नाद आहे. त्याविषयी गेले १४ महिने तुम्ही ब्लॉग लिहीत आहात, ४१ लेख झाले आहेत, आणि आता चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून पूर्ण वेळ त्यालाच द्यावा असे तुमच्या मनाने घेतले आहे. त्यासाठी निवृत्तीकरिता बाजूला ठेवलेली मुदत ठेव मोडावी का, हा तुमचा प्रश्न आहे. ‘ध्यास खरा असेल तर पैसा मागून येतो’ असे नाव मिळवलेले ब्लॉगर सांगतात, हेही तुम्ही आधारादाखल लिहिले आहे. माझे उत्तर आधीच देतो: ठेव मोडू नये, नोकरी आज सोडू नये, ब्लॉग मात्र मुळीच थांबवू नये.

प्रथम हिशेब पाहू. तुमच्याजवळ घरखर्चाच्या २२ महिन्यांइतकी पुंजी आहे, आणि हा आकडा धीर देणारा वाटतो. परंतु त्यातले १० महिने निवृत्तीच्या ठेवीत आहेत आणि ६ महिने अडीअडचणीसाठी राखलेले आहेत. म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळे ६ महिनेच उरतात. त्यातून संकेतस्थळाची नवी मांडणी, लेखनाचा अभ्यासक्रम आणि जाहिराती यांवर तुम्ही ३ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम घालणार आहात. नोकरी सुटल्यावर आरोग्यविम्याचा हप्ता आणि आज कार्यालय उचलत असलेले इतर खर्च तुमच्यावर येतील. ते मिळून घरखर्च एक दशांशाने वाढेल असे धरले, तर उरलेले ३ महिने पावणेतीन महिन्यांवर येतात. बावीस महिन्यांच्या बळावर घेतला जाणारा हा निर्णय प्रत्यक्षात पावणेतीन महिन्यांवर उभा आहे. त्यापुढचा प्रत्येक महिना तुम्ही आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांतून किंवा साठीनंतरच्या स्वतःकडून उसना घेणार आहात. महागाई वजा जाता ठेव वर्षाला ३ टक्क्यांनीच वाढेल असे मानले, तरी २० वर्षांत त्या १० महिन्यांचे १८ महिने होतात. ठेव मोडण्याची खरी किंमत ती आहे, मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक जे व्याज कापते ती नव्हे.

आता ध्यासाकडे वळू. माझ्यासारख्या आर्थिक नियोजकाला पगाराची ओढ जरा जास्तच असते, हा व्यवसायाचा दोष मला मान्य आहे. तरीही ध्यास ही भावनेची बाब म्हणून मी बाजूला सारत नाही, कारण ब्लॉगच्या अर्थकारणात त्याला अगदी ठोस स्थान आहे. ब्लॉगला भांडवल कमी आणि श्रम फार लागतात, आणि त्या श्रमांचा मोबदला फार उशिरा, बहुधा तुटपुंजा येतो. एखादा लेख शोधयंत्रात वर यायला कित्येक महिने लागतात, आणि वर आल्यावर तो वर्षानुवर्षे वाचला जाऊ शकतो. ज्याला विषयाचा नाद नाही त्याला या मधल्या काळात स्वतःला रेटावे लागते, किंवा दुसऱ्याला पैसे देऊन लिहवून घ्यावे लागते. तुम्ही मात्र संध्याकाळी घड्याळ उघडणारच असता. त्याची छायाचित्रे काढून चार ओळी लिहिणे हा तुमच्यासाठी थोडाच जादा खर्च. म्हणजे ध्यास उत्पन्न देत नाही, तो वाट पाहण्याचा खर्च कमी करतो. नेमक्या याच कारणामुळे नोकरी सोडण्याची घाई मला अनाठायी वाटते. वाट स्वस्तात पाहता येणे ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि नोकरी सोडताच तीच वाट सर्वांत महाग होते.

यशस्वी ब्लॉगरांच्या सांगण्याबद्दलही थोडे लिहितो. ते खोटे बोलत नाहीत. परंतु तितक्याच तळमळीने लिहून दुसऱ्या वर्षी ज्यांनी ब्लॉग बंद केला, त्यांची मुलाखत कोणी घेत नाही. जिंकलेल्यांत ध्यास सापडतो यावरून ध्यास असलेले जिंकतात असे सिद्ध होत नाही.

शिवाय या धंद्यातले बरेच काही तुमच्या तळमळीच्या आवाक्याबाहेर आहे. ॲमेझॉनने १९९६ साली सुरू केलेल्या दलालीच्या योजनेवर, म्हणजे लेखातल्या दुव्यावरून वाचकाने वस्तू घेतली की मिळणाऱ्या हिश्श्यावर, अनेक ब्लॉगरांचे घर चालत असे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने अमेरिकेत कित्येक वस्तूंवरील दलालीचे दर एकदम खाली आणले, फर्निचरसारख्या गटात ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. गूगलने ऑगस्ट २०२२ पासून शोधाच्या क्रमवारीचे निकष बदलत नेले, आणि मे २०२४ पासून अमेरिकेत शोधाच्या पानावरच यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवायला सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळाले की मूळ लेखापर्यंत जाण्याचे वाचकाला कारण उरत नाही. या बदलांचा फटका मनापासून लिहिणाऱ्यांनाही बसला. तुमच्या ब्लॉगचे आजचे उत्पन्न केवळ जाहिरातींचे आहे आणि ते घरखर्चाच्या चाळिसाव्या भागाइतके आहे. एकाच मालकाच्या पगारावर जगणे तुम्हाला धोक्याचे वाटते असे तुम्ही लिहिता. परंतु एकाच कंपनीच्या जाहिरातींवर जगणे त्याहून धोक्याचे आहे, कारण तिथे सूचनेचा महिनाही मिळत नाही.

आणखी एक मुद्दा, जो मी सहसा सल्ल्यात आणत नाही. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या लहान मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावले. पुढे बक्षीस नसताना त्याच मुलांची चित्रांतली गोडी कमी झालेली आढळली. मोठ्या माणसाच्या व्यवसायाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. तरीही कर्जाचा हप्ता आणि तुमची आवडती संध्याकाळ एकमेकांना बांधण्यापूर्वी तो लक्षात असावा, असे मला वाटते. घरात पैसा संपत आला की माणूस घड्याळांवर मनासारखे लिहीत नाही, जे जास्त दलाली देते त्यावर लिहितो.

तुमच्या पत्रातील दोन गोष्टी मला आकड्यांपेक्षाही बोलक्या वाटल्या. कार्यालयात कामाचा डोंगर असलेल्या तीन महिन्यांतही, एकही प्रतिक्रिया येत नसताना, तुम्ही दरमहा दोन लेख लिहिले. हा ध्यासाचा पुरावा मी मानतो, ‘मला लेखक व्हायचे आहे’ या वाक्याला मानत नाही. दुसरी गोष्ट अशी की तुमचे निम्मे वाचक अवघ्या तीन लेखांवर येतात, आणि त्यांत सर्वांत पुढे आहे तो चुंबकत्व लागल्याने घड्याळ पुढे का पळते हे समजावणारा लेख. दुर्मीळ घड्याळांच्या इतिहासावर तुम्ही सर्वाधिक कष्ट घेतले, पण वाचकाला हातातले घड्याळ दुरुस्त करायचे आहे. तुमची आवड आणि वाचकाची गरज जिथे एकमेकांना भेटतात ती जागा यातून दिसते, आणि पैसा आला तर तिथूनच येईल.

खर्चाच्या यादीतून जाहिराती मी सरळ काढून टाकतो. तुम्ही वाचक आणण्यासाठी जाहिरातीची पूर्ण किंमत मोजणार, आणि तोच वाचक पानावर आला की तिथल्या जाहिरातीच्या रकमेतून गूगल तुम्हाला सुमारे ६८ टक्के देणार, तीही बहुधा त्याने एखादीच जाहिरात पाहिल्याबद्दल. हा व्यवहार कितीही वाढवला तरी तोटाच वाढेल. लेखनाचा अभ्यासक्रम तुम्हाला नको, हे पत्राच्या भाषेवरूनच दिसते. नवी मांडणी वर्षभर थांबू शकते. सूक्ष्म छायाचित्रणाची लेन्स मात्र अवश्य घ्या, कारण केसाएवढ्या स्प्रिंगचे स्पष्ट छायाचित्र हीच तुमच्या लेखांची खरी विक्रेय गोष्ट आहे. वर्षभराचा एकूण खर्च अर्ध्या महिन्याच्या घरखर्चाच्या आत ठेवा आणि तो मोकळ्या पैशांतूनच करा.

नोकरीच्या बाबतीत मधला मार्ग आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणारे आणि नंतर पूर्ण वेळ त्यात उतरणारे लोक, थेट राजीनामा देऊन उतरणाऱ्यांपेक्षा व्यवसाय बंद पडण्याच्या धोक्यात ३३ टक्क्यांनी कमी होते. तेव्हा आठवड्यातून चार दिवस काम आणि त्या प्रमाणात एक पंचमांश कमी पगार, अशी मागणी कार्यालयाकडे करून पाहा. तुमच्या जमाखर्चात एवढी कपात बसते, दरमहाची बचत मात्र जवळजवळ थांबेल. नकार आला तर आठवड्यातील दोन सकाळी ठरवून घ्या. ब्लॉगसाठी वेगळे बँक खाते उघडा आणि प्रत्येक जमेतून कराचा भाग लगेच बाजूला काढा. सलग सहा महिन्यांची सरासरी घरखर्चाच्या निम्म्यावर पोहोचली, आणि त्यात कोणत्याही एका स्रोताचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक नसला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा राजीनाम्याचे गणित मी आनंदाने मांडीन.

तोवर दुसरा स्रोत शोधायला लांब जाण्याची गरज नाही. ‘आमचे घड्याळ पाहून द्याल का’ असे तीन वाचकांनी विचारले आणि संकोचाने तुम्ही उत्तर दिले नाही, असे पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. या आठवड्यात त्या तिघांना उत्तर लिहा, आणि त्यात तपासणीचे शुल्क स्पष्ट आकड्यात नमूद करा.