ब्लूज शिकायला अमेरिकेला निघालेल्या नाशिककरांना

तुम्ही विचारलंत, की नाशिकच्या तबलजीने अमेरिकन संगीताच्या, त्यातही ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या, इतिहासात पीएचडी करायला बायको-मुलीसकट इकडे यावं का. फी, शिष्यवृत्ती, व्हिसाचे अर्ज, सगळं विद्यापीठांच्या साइटवर आहे. ते सोडून बोलते.

विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. नियमात ही एक ओळ आहे, पण घरात ती वर्षानुवर्षं मुक्कामाला असते. माझा नवरा पुण्यात पूल बांधायचा. माझ्या अभ्यासापायी इथे टेनेसीत स्वयंपाक आणि मुलीला शाळेत सोडणं एवढंच त्याच्या वाट्याला आलं. तो कधी चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

अभ्यास मात्र सुंदर आहे. गाण्यांच्या बरोबरीने रेकॉर्ड कंपन्यांचे जुने कॅटलॉग आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचाव्या लागतील. १९२० साली ओके या रेकॉर्ड कंपनीने काढलेलं मामी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' तुफान खपलं आणि कृष्णवर्णीय लोकही रेकॉर्ड विकत घेतात हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांच्यासाठी 'रेस' आणि खेड्यातल्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली' असे वेगळे खण पाडले गेले. आपल्याकडे गायकी घराण्यावरून ओळखतात, इथे गिऱ्हाइकाच्या कातडीवरून. गाणारे मात्र एकमेकांचं ऐकत होते. १९२७मध्ये टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने ज्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्या कार्टर या गोऱ्या गायक कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढे लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाला बरोबर घेऊन गाणी गोळा करत हिंडले. रेकॉर्डवर नाव आलं ते कार्टरांचंच. रिडलबद्दल वाचल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

आता शाळा. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. आम्ही मराठी लिहिलं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीला तेवढ्यावरून जादा इंग्रजीच्या वर्गात घातलं आणि तो तास नेमका संगीताच्या तासाला. वर्षभर! मी पत्रं लिहिली, 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच उत्तर यायचं. दिवसा मी माणसांची वर्गवारी करणारे कॅटलॉग वाचत होते आणि संध्याकाळी पोर विचारायची, 'आई, आज पण ड्रम नाही?' आता ती मोठी झालीय, तिला काही आठवत नाही. माझ्या मनातून जात नाही. तुम्ही फॉर्मवर मराठीच लिहा, पण त्याच दिवशी मुलीच्या इंग्रजीच्या चाचणीची लेखी मागणी करा आणि मुलीचा कुठला तास बुडणार तेही विचारून घ्या.

एकटेपणाला घाबरू नका. मंडळ सापडतं, गणपती होतो.

इथले विचारतील, भारतीय असून ब्लूज का? माझे वडील पेटीवादक. त्यांनी उलट विचारलं होतं, आपलं काय कमी होतं? मी त्यांना मुंबईचं सांगायचे: १९३०च्या दशकात ताजमध्ये लिऑन अ‍ॅबे, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते, गोव्याचे वादक त्यांच्याकडून जॅझ उचलत होते आणि त्याच वळणाचा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आला. वडिलांना ते पटलं नाही. मग ते गेले, आणि आमचं ते बोलणं तसंच राहिलं. तुमच्या घरी असं विचारणारं कुणी असेल, तर निघण्याआधी त्यांच्यासमोर बसून बोला. इथून फोनवर ते जमत नाही.