वाचकांचे प्रश्न : फ्लॅपचं टोक काळं पडलं तर

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, शेतकरी. रोटाव्हेटरमध्ये पाय सापडून टाचेवरची कातडी गेली. मिरजेत पोटरीचं मांस फिरवून तिथं लावलं. सहाव्या दिवसापासून टोक काळं दिसतंय. डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणतात. ऑपरेशन फसलं का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : टोक काळं पडलं म्हणजे फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट उचलून जखमेवर बसवलेला कातडीचा तुकडा) गेला, असं नाही. तुमच्या वर्णनावरून हा ‘रिव्हर्स सुरल’ फ्लॅप वाटतो. त्यात मांस नसतं. कातडी, चरबी आणि त्याखालचा पातळ पडदा असतो. बाहेरच्या घोट्याच्या साधारण ५ सें.मी. वर बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांचं रक्त देठातून, म्हणजे फ्लॅप जिथं मूळ जागेला जोडलेला राहतो त्या पट्टीतून, फ्लॅपला मिळतं. टोक देठापासून सगळ्यात लांब. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी कमी पोचतं, तसंच त्याला रक्त.

पण बऱ्याचदा रक्त येतं नीट, अडतं ते परत जाताना. शिरा पातळ, दाबाला लगेच मिटतात. देठ अरुंद बोगद्यातून नेला, वळवताना मुरगळला, खाली रक्त साकळलं, पट्टी आवळली किंवा टाचेचा भार गादीवर पडला, की फ्लॅप आधी जांभळा होतो, सुजतो, मग कडेनं काळा पडतो. नर्स बोटानं दाबून बघते ते यासाठीच. दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. क्षणात भरली आणि रंग जांभळा असेल, तर शिरेची अडचण. फ्लॅप फिका, गार आणि भरायला वेळ लागत असेल, तर धमनीची.

डॉक्टर थांबतात ते योग्यच आहे. मेलेला आणि जिवंत भाग यांची सीमारेषा स्पष्ट व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाईनं कापलं तर वाचणारं कातडंही जातं. पुष्कळदा वरची कातडीच गेलेली असते, खालची चरबी जिवंत असते. मग साफ करून मांडीची पातळ कातडी लावली की भागतं. हाड, स्नायूबंध किंवा प्लेट उघडी पडली, तरच नवा फ्लॅप लागतो. तोवर काळी खपली कोरडी राहू द्या, ओढू नका, हळद किंवा झाडपाला लावू नका. पाय उंच ठेवा, पण टाच अधांतरी हवी आणि उशी देठावर येता कामा नये. ती कशी ठेवायची, हे वॉर्डातच दाखवून घ्या. खपली ओली झाली, वास किंवा पू आला, ताप आला किंवा काळेपणा देठाकडे सरकला, तर त्याच दिवशी दाखवा. साखर वाढलेली असेल, तर तीही आधी आटोक्यात आणा.

प्रश्न : आईच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी आहे. हाताची कातडी गालात लावणार आहेत. ती विडी ओढत नाही, फक्त मिश्री लावते. तीही सोडायची का? (एक वाचक, कराड)

उत्तर : होय, आजपासून. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू बंद, हे उत्तम. तुमच्याकडे तीनच आहेत. पण त्यासाठी कॅन्सरचं ऑपरेशन पुढं ढकलू नका.

या फ्लॅपला जागचा देठ राहत नाही. हाताची धमनी आणि शीर, दोन-तीन मि.मी. जाडीच्या, मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यानं जोडतात. गुठळीचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त. म्हणून सुरुवातीला दर तासाला तपासणी होते. रंग बदलला तर लगेच पुन्हा थिएटरमध्ये नेतात. त्यात काही तासांचा उशीर झाला, तरी फ्लॅप हातचा जाऊ शकतो. मानेत श्वासासाठी नळी घातली, तर तिची फीत करकचून बांधलेली नको, आतली शीर दबते. आणि ज्या हाताची कातडी घेणार, त्यात ऑपरेशनपर्यंत सलाईन किंवा रक्त काढायला सुई लावू देऊ नका. हे सांगायला घरच्यांनीच पुढं व्हावं.

प्रश्न : फ्लॅप थंडीत गार लागतो. शेकलं तर चालेल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाही. फ्लॅपला बरेच महिने संवेदना नसते. गरम पाण्याच्या पिशवीनं किंवा शेकोटीनं भाजलेलं कळतही नाही, दिसतो तो थेट फोड. खोली उबदार ठेवा आणि फ्लॅपवर सैल पांघरूण घाला.