पणजोबांच्या बटणावरचा ११०

प्रश्न : लालबागची चाळीतली खोली रिकामी करताना पणजोबांच्या ट्रंकेत पितळी गणवेशाची दोन बटणं सापडली. एकावर मुकुट, बिगुल आणि ११० हा आकडा. दुसऱ्यावर सिंह आणि एकशिंगी घोडा, मागे लंडनच्या कारखान्याचं नाव. ‘ते मेसोपोटेमियात होते’ एवढंच घरात ऐकलंय. बटणं किती जुनी? चिंचेनं घासली तर चालतील?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी चिंचेचं. नको. लिंबू, ब्रासो, राख, काहीच नको. पितळ दिसलं की आपले हात शिवशिवतात, पण घासण्यात सर्वांत आधी झिजतात त्या मुकुटाच्या रेषा, आणि वय त्याच सांगतात. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं. बस्स.

११० मुळे तुमचं काम निम्मं झालंय. मुंबई फौजेची १०वी पलटण. १९०३ साली सरसेनापती किचनरनं हिंदी फौजेला नवे क्रमांक दिले तेव्हा तिच्या आकड्यात शंभर मिळवले आणि ती ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची खूण. १९२२ मध्ये ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली आणि ११० गेला. बटण या मधल्या काळातलं.

तरी मुकुट तपासाच. कमानी मध्यावर फुगीर असतील तर राजाचा, १९०१ नंतरचा. मध्यावर खचलेल्या असतील तर राणीचा, १९५३ नंतरचा, आणि तो ११० सोबत असेल तर बटण नकली. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर शुक्रवारी असली ‘पहिल्या महायुद्धातली’ बटणं ढिगानं मिळतात. बहुतेक ओतीव, दाणेदार. विकणारा मात्र शपथेवर बोलतो. अस्सल, ठशानं दाबून काढलेलं बटण हातात घेतलं की रेषांची धार बोटाला लागते.

दुसरं बटण तुमच्या पणजोबांच्या पलटणीचं नाही. सिंह आणि एकशिंगी घोडा म्हणजे ब्रिटिश राजचिन्ह. १८७१ पासून गोऱ्या शिपायांच्या बटणांवरून पलटणीचे क्रमांक काढून सरसकट हेच चिन्ह आलं. ते ट्रंकेत कसं आलं, कुणास ठाऊक. छावणीतली बटणं इकडून तिकडे फिरतच. मागचं नाव कारखान्याचं, पलटणीचं नव्हे. त्यात रस्त्याचा पत्ता असेल तर काळ आणखी नेमका सांगता येतो, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो पाठवा.

मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं म्हणाल तर ११०वी तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी वेढ्यातल्या फौजेनं शरणागती पत्करली. पण बटणावरून पणजोबा त्या वेढ्यात होते असं म्हणता येत नाही. रजेवर, भरतीकेंद्रावर, कुठेही असू शकतात. त्यासाठी त्यांचा शिपाई क्रमांक हवा. ट्रंकेत पेन्शनचं पुस्तक, पदक किंवा डिस्चार्जचा कागद आहे का पाहा. पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. ते मिळालं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र टाका.